फेनेलाँ व त्याचा दांडगा शिष्य

विष्णुशर्म्यानें अमरशक्ति राजाच्या तीन मूढ पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रांत पारंगत केलें, ही कथा आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. पंचतंत्राच्या कथामुखांत एवढें सांगून ग्रंथकार गोष्टींकडे वळतो. ते राजपुत्र पुढें कसे निघाले, स्वतःच्या पायांवर उभें राहण्याचा प्रसंग आला तेव्हां गुरूची विद्या त्यांच्या कितपत उपयोगीं पडली, हें कोणी विचारीत नाहीं. आणि कथेला त्या उत्तराची गरजहि नसते. शिक्षकाला मात्र तें उत्तर हवें असतें. विद्यार्थी समोर बसलेला असतांना तो सुधारला असें म्हणणें सोपें आहे. गुरु दृष्टीआड झाल्यावर त्या सुधारणेचें काय होतें, ही खरी कसोटी. इतिहासांत ही कसोटी पाहावयास मिळण्याचे प्रसंग थोडे, कारण गुरु-शिष्यांच्या कथा बहुधा गुरूच्या गौरवापाशीं संपतात. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा नातू बर्गंडीचा ड्यूक आणि त्याचा शिक्षक फेनेलाँ यांची हकीकत या नियमाला अपवाद आहे. ती शेवटपर्यंत पाहतां येते, आणि शेवटपर्यंत पाहिली म्हणजे आरंभीं वाटला तितका तिचा अर्थ सोपा राहत नाहीं.

या मुलाच्या बापाच्या शिक्षणाची कथा आधीं सांगितली पाहिजे, म्हणजे फेनेलाँपुढें काय उदाहरण होतें तें कळेल. लुईचा हा युवराज नऊ वर्षांचा असतांना, १६७० मध्यें, त्याच्यासाठीं बोस्युए या धर्माचार्याची नेमणूक झाली. बोस्युएइतका थोर वक्ता त्या काळीं फ्रान्समध्यें दुसरा नव्हता. या एका विद्यार्थ्याकरितां त्यानें जगाच्या इतिहासावर ग्रंथ रचला. लॅटिन ग्रंथकारांच्या सटीक आवृत्त्यांची एक मोठी मालाच युवराजाच्या नांवानें निघाली. देखरेखीवर असलेला मोंतोझिए हा सरदार छडीचा भोक्ता होता. असा विद्येचा व छडीचा संयुक्त मारा दहा वर्षें चालला. त्याचें फळ काय झालें तें त्या दरबाराचा बखरकार साँ-सीमाँ सांगतो : मास्तरांच्या हातून सुटल्यावर या युवराजानें वर्तमानपत्रांतील मृत्यूंच्या व लग्नांच्या बातम्यांपलीकडे जन्मांत कांहीं वाचलें नाहीं.

बोस्युएच्या नेमणुकीच्या सुमारासच, १६७०-७१ मध्यें, बर्निए या प्रवाशाचा हिंदुस्थानाविषयींचा वृत्तांत पॅरिसमध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत औरंगजेबाची एक गोष्ट आहे. बादशहा झालेल्या शिष्याकडे जुना गुरु मोठ्या आशेनें आला; तेव्हां औरंगजेबानें त्यास सुनावलें कीं, तुम्हीं मला अरबी व्याकरण वर्षानुवर्षें घोटविलें, परंतु इतर राष्ट्रांचें बल, युद्धाची रीत, राजा व प्रजा यांचीं परस्पर कर्तव्यें यांपैकीं कांहींच शिकविलें नाहीं. हें भाषण औरंगजेबाचें किती व बर्निएचें किती हा वाद बाजूस ठेवूं. गुरूनें आपल्याजवळ होतें तें दिलें, शिष्यास काय लागणार हें पाहिलें नाहीं, अशी ही तक्रार आहे. आणि व्हर्सायच्या युवराजाला बोलतां आलें असतें तर त्यानेंहि तीच केली असती.

त्याचा थोरला मुलगा, म्हणजे आपला बर्गंडीचा ड्यूक, १६८२ सालीं जन्मला, तो बापाच्या अगदीं उलट. बाप सुस्त, तर मुलगा केवळ आगीचा लोळ. नको असलेल्या कामाची वेळ झाली असें दाखविणारें घड्याळ तो फोडून टाकी. पावसानें बेत मोडला तर पावसावर संतापे. कोणी आडवें आलें तर असा थयथयाट करी कीं, याचें अंग आतां फुटतें कीं काय अशी पाहणारांस भीति वाटे. खेळांत हरणें त्याला सोसवत नसे. इतर माणसें म्हणजे आपल्या पायांखालचे क्षुद्र कण अशी त्याची समजूत होती, आणि सख्ख्या भावांनासुद्धां तो आपण व सामान्य जन यांच्या मधल्या पायरीवर बसवी. त्याची थट्टा बोचरी, व दुसऱ्याचें व्यंग अचूक हेरणारी. आणि या सर्वांच्या जोडीला बुद्धि अशी तीव्र कीं, शिकविणाराच्या एक पाऊल पुढें. हें वर्णन साँ-सीमाँचें आहे. तो दरबारांत आला १६९१ मध्यें, म्हणजे यांतील कांहीं भाग ऐकीव असला पाहिजे, आणि त्याच्या लेखणीला ठळक रंगांची आवड होती. तथापि पोर अनावर होतें याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं. तें पुढें येणाऱ्या खुद्द त्याच्याच हस्ताक्षरावरून दिसेल.

१६८९ च्या ऑगस्टमध्यें बोव्हिलिए नांवाच्या सात्त्विक सरदाराकडे या राजपुत्राचें पालकत्व आलें, आणि त्यानें शिक्षक म्हणून फेनेलाँची निवड केली. शिष्य सात वर्षांचा, गुरु अडतीस वर्षांचा. दोनच वर्षांपूर्वीं फेनेलाँनें मुलींच्या शिक्षणावर एक छोटा ग्रंथ लिहिला होता. बोव्हिलिएच्या घरांत पुष्कळ मुली होत्या व त्यांच्या आईच्या विनंतीवरून तो लिहिला गेला. मुलाची जिज्ञासा हीच गुरूची पहिली सहकारी, भीतीनें शिकविलेलें टिकत नाहीं, आणि उपदेश सरळ करण्यापेक्षां गोष्टींतून, प्रसंगांतून आडवाटेनें करावा, असा त्याचा मथितार्थ. हीं मतें आज कोणत्याहि अध्यापन महाविद्यालयांत ऐकूं येतात. परंतु तीं गोड स्वभावाच्या मुलींविषयीं लिहिणें निराळें, आणि घड्याळें फोडणाऱ्या राजपुत्रावर लावून पाहणें निराळें.

फेनेलाँच्या चरित्रकारांनीं त्याच्या युक्तींच्या ज्या कथा जपून ठेवल्या आहेत, त्यांतील सर्वांत महत्त्वाची म्हणजे मौनाची. राजपुत्राला क्रोधाचा झटका आला कीं वाड्यांतील सर्व मंडळी, शिक्षकापासून चाकरापर्यंत, गप्प होत. कोणी रागें भरत नसे, कोणी समजूतहि घालीत नसे. आजारी माणसाकडे पाहावें तसें त्याच्याकडे अनुकंपेनें पाहत, आणि या स्थितींत तुला यांचा उपयोग नाहीं असें दर्शवून त्याचीं पुस्तकें व अभ्यासाचें साहित्य उचलून नेत. यांतील मर्म असें कीं, विद्या ही शिक्षा नसून आरोग्याचें लक्षण आहे असें मुलाच्या मनावर ठसे. ज्या घरांत चूक केली म्हणून धडा पाठ करावा लागतो त्या घरांत विद्येचा द्वेष उत्पन्न होतो. येथें चूक केली म्हणजे धडा बंद होई.

दुसरी कथा सुताराची आहे. वाड्यांत काम करणाऱ्या एका सुताराचीं हत्यारें राजपुत्र पाहूं लागला, तेव्हां तो सुतार एकदम लाल होऊन ओरडला कीं, दूर हो, रागाच्या भरांत मी कोणाचे हातपाय मोडीन याचा नेम नाहीं. भ्यालेला मुलगा धांवत गुरूकडे आला आणि हा माणूस फार दुष्ट आहे असें म्हणाला. गुरूनें शांतपणें विचारलें कीं, सुताराला निदान कामांत व्यत्यय आल्याचें निमित्त होतें; पण सेवा करणाऱ्या चाकरावर हात टाकणाऱ्या राजपुत्राला काय म्हणावें? सुताराला हें सोंग फेनेलाँनेंच पढविलें होतें. ही युक्ति थोडी नाटकी आहे खरी. परंतु आपला दोष दुसऱ्याच्या अंगावर पाहिल्यावांचून ओळखूं येत नाहीं हें तिच्यांतील तत्त्व खोटें नव्हे.

तिसरी गोष्ट लेखी आहे. २९ नोव्हेंबर १६८९ रोजीं, म्हणजे शिक्षण सुरू होऊन तीन महिने झाले असतां, राजपुत्रानें स्वतःच्या हातानें एक प्रतिज्ञालेख लिहून दिला. फेनेलाँ सांगेल तें तत्काळ करीन, मना करील तें तत्काळ सोडीन, आणि यांत चुकलों तर कोणतीहि शिक्षा व अप्रतिष्ठा सोशीन, असा त्याचा आशय. पुढें ही प्रतिज्ञा मोडली, म्हणून त्यानें त्याच कागदावर पुन्हां नव्यानें सही केली. सात वर्षांच्या पोराच्या अब्रूवर असा भरंवसा ठेवणें अनेकांस हास्यास्पद वाटेल. फेनेलाँनें मात्र नेमकें हेरलें होतें कीं, या मुलाचा मोठा दुर्गुण जो अभिमान तोच त्याला धरण्याची एकमेव मूठ आहे. ज्याला आपण राजपुत्र असल्याचा गर्व आहे त्याला राजपुत्राचें वचन मोडण्याची लाज वाटेल. फेनेलाँनें गर्व ठेंचला नाहीं. त्याला कामाला लावलें.

तथापि युक्ति संपतात असा एक क्षण प्रत्येक गुरूच्या वांट्यास येतोच. एके दिवशीं फेनेलाँनें कडक शब्द वापरले, तेव्हां मुलानें उत्तर केलें कीं, मी कोण आणि तुम्ही कोण हें मला ठाऊक आहे. फेनेलाँ त्या दिवशीं एक शब्दहि बोलला नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यानें गंभीरपणें सांगितलें कीं, जन्मानें तुम्हांस मिळालेलें मोठेपण तुमच्या कर्तृत्वाचें नव्हे, आणि ज्ञानानें व अधिकारानें मी तुमच्याहून वर आहें यांत संशय नाहीं. मीं हें काम तुमच्या लाभासाठीं पतकरलें, माझ्या लाभासाठीं नव्हे. चला, राजेसाहेबांकडे जाऊन दुसरा शिक्षक मागून घेऊं. मुलगा रडला, विनवूं लागला. गुरूनें तो सबंध दिवस त्याला अनिश्चिततेंत ठेवून मगच क्षमा केली. या प्रसंगांत फेनेलाँची सगळी शक्ति दिसते. जागा सोडण्याची त्याची खरोखर तयारी होती. ज्या शिक्षकाला आपली नोकरी शिष्याच्या मर्जीवर अवलंबून आहे असें वाटतें, त्याच्या तोंडून हें वाक्य निघणारच नाहीं.

नित्याचें शिक्षण मात्र गोष्टींतून चाले. फेनेलाँनें या एका शिष्यासाठीं बोधकथा लिहिल्या, आणि लॅटिनचा अभ्यासहि बराचसा कथांच्याच आधारानें होई. एका कथेंत एक वनदेवता चुका करणाऱ्या बालदेव बॅकसला हंसते. तो ज्युपिटरच्या पुत्राला हंसण्याचें धाडस कसें झालें म्हणून विचारतो, तेव्हां ज्युपिटरच्या पुत्राला चुका करण्याचें धाडस कसें होतें असें त्याला उलट उत्तर मिळतें. ही कथा कोणासाठीं होती हें सांगावयास नकोच. त्याच सुमारास वृद्ध कवि ला फाँतेन यानें आपल्या पद्यकथांचा बारावा व शेवटचा भाग या बालराजपुत्रास अर्पण केला. ला फाँतेननें पूर्वीं, १६७८ मध्यें, आपल्या पुष्कळशा कथा पिल्पे या भारतीय ऋषीच्या आहेत असें मोकळेपणीं कबूल केलें होतें. आणि या बाराव्या भागांत कावळा, हरिणी, कांसव व उंदीर यांची आपल्या ओळखीची कथा आहे. म्हणजे अरबी-फारशी मार्गानें हिंडत विष्णुशर्म्याची शिदोरी अखेर व्हर्सायला, पुन्हां एका राजपुत्राच्याच हातीं पोंचली.

या अध्यापनांतून जन्मलेला सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे 'तेलेमाक'. युलिसीसचा पुत्र तेलेमाक बापाच्या शोधार्थ देशोदेशीं हिंडतो, आणि मेंटर नांवाचा वृद्ध त्याला पावलोपावलीं सांवरतो. हा मेंटर म्हणजे वेष पालटलेली विद्यादेवता मिनर्व्हा. आज मार्गदर्शक या अर्थीं जो 'मेंटर' शब्द आपल्या कचेऱ्यांतून व शाळांतून ऐकूं येतो तो या ग्रंथामुळेंच प्रचारांत आला. परंतु या ग्रंथांतील दोन गोष्टींकडे सहसा लक्ष दिलें जात नाहीं. मेंटर एका मोठ्या युद्धाच्या वेळीं मुद्दाम मागें राहतो आणि तेलेमाकला एकट्याला पाठवितो. तेथें मुलाचा गर्व पुन्हां उसळतो, भांडण होतें, आणि पश्चात्ताप त्याचा त्यालाच करावा लागतो. आणि ग्रंथाच्या अखेरीस, घर दृष्टिपथांत आलें असतां, मिनर्व्हा खरें रूप प्रकट करून अंतर्धान पावते; शेवटची वाट शिष्यानें एकट्यानें चालावयाची. गुरूनें केव्हां दूर व्हावें हें फेनेलाँला माहीत होतें याचा याहून चांगला पुरावा नाहीं.

परंतु दूर होण्याची वेळ त्याला निवडतां आली नाहीं. १६९५ मध्यें तो काँब्रेचा आर्चबिशप झाला, आणि वर्षांतील नऊ महिने तिकडे राहूं लागला. १६९७ मध्यें गूढ भक्तिपंथाच्या वादांत त्याचा व बोस्युएचा उघड सामना झाला; राजाची मर्जी गेली, आणि ऑगस्टमध्यें त्याला आपल्या धर्मप्रांतांत जाऊन राहण्याची आज्ञा झाली. शिष्य तेव्हां पंधरा वर्षांचा होता. १६९९ मध्यें शिक्षकाचें पदहि काढून घेतलें, आणि त्याच वर्षीं एका नक्कलकाराच्या बेइमानीनें 'तेलेमाक' बाहेर पडला. युद्धाचा हव्यास, वाड्यांवरील उधळपट्टी, खुशामत्यांचें राज्य यांवरील त्यांतील टीका वाचून सर्व युरोपास लुईच आठवला, आणि लुईलाहि तसेंच वाटलें. गुरु-शिष्यांचा पत्रव्यवहार तुटला. १७०१ च्या डिसेंबरांत बोव्हिलिएमार्फत शिष्यानें चोरून पहिलें पत्र पाठविलें. १७०२ मध्यें सैन्याकडे जातांना काँब्रेला दोघांची भेट झाली ती चारचौघांत, थोडा वेळ, आणि बोलावयाचें तें न बोलतां.

शिष्य कसा झाला होता? साँ-सीमाँ म्हणतो कीं, त्या खाईंतून एक नम्र, सौम्य, सहनशील, स्वतःशीं कठोर व इतरांशीं दयाळू असा राजपुत्र बाहेर आला. चमत्कार म्हणावा असाच हा पालट होता. परंतु १७०८ मध्यें त्याची परीक्षा झाली. फ्लँडर्सच्या मोहिमेंत तो व व्हाँदोम हा अनुभवी पण उद्धट सेनापति यांजकडे सैन्य होतें. दोघांचें जमलें नाहीं. ११ जुलैस ओडेनार्ड येथें मार्लबरो व युजीन यांनीं फ्रेंचांचा पराभव केला, आणि वर्षअखेर लीलचा किल्लाहि गेला. राजपुत्र निर्णय घेण्यास कचरतो, वेळ क्षुल्लक करमणुकींत व एकांतांत घालवितो, असा बोभाटा झाला. युद्ध ऐन रंगांत आलें असतां त्यानें फेनेलाँला पत्रानें विचारलें कीं, जोगिणींच्या मठांत मुक्काम करणें पाप होईल काय? घड्याळें फोडणारा मुलगा कोठें आणि हा शंकेखोर सेनानी कोठें!

येथें फेनेलाँवरील आरोप उभा राहतो. कांहीं टीकाकार म्हणतात कीं, या गुरूनें शिष्याचा क्रोध काढतांना त्याच्या अंगांतील वीर्यहि काढून घेतलें; सिंहाचा बोकड केला. त्या वर्षींचीं फेनेलाँचीं पत्रें वाचलीं म्हणजे या आरोपाला त्याचीच साक्ष मिळते असें वाटूं लागतें. लोक तुमच्याविषयीं काय बोलतात तें तो आडपडदा न ठेवतां कळवितो : तुमची भक्ति संकुचित आहे, तुम्ही बारीकसारीक शंकांत गुंतून मोठीं कर्तव्यें विसरतां, माणसांत मिसळत नाहीं, अधिकारानें बोलत नाहीं. सात वर्षांच्या मुलाला ज्यानें नमावयास शिकविलें तोच आतां सव्वीस वर्षांच्या पुरुषाला ताठ उभें राहावयास सांगत होता.

आरोप अगदींच निराधार आहे असें माझ्यानें म्हणवत नाहीं. मौन, प्रतिज्ञालेख, दिवसभर क्षमा न देणें, या सर्व उपायांनीं मुलाची सदसद्बुद्धि जागी झाली. पण तिची किल्ली गुरूपाशीं राहिली. आपण चुकलों कीं नाहीं हें तो गुरूच्या मुद्रेवरून ओळखावयास शिकला, आणि ती मुद्रा दिसेनाशी झाल्यावर प्रत्येक पावलास त्याला शंका येऊं लागली. मठाविषयींचा तो प्रश्न भक्तीपेक्षां या संवयीचा द्योतक आहे. तथापि सर्व दोष फेनेलाँच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. ओडेनार्डचा पराभव व्हाँदोमच्या हेकेखोरपणाचाहि होता, आणि राजपुत्राच्या बापाभोंवतीं जमलेल्या कंपूनें मुलाची बदनामी पद्धतशीर केली. शिवाय, मेंटरनें शिष्याला एकट्याला पाठवून, चुकूं देऊन, पुन्हां जवळ घ्यावें असा जो क्रम गुरूनें योजिला होता, तो घडूंच दिला गेला नाहीं. पंधराव्या वर्षीं गुरु ओढून नेला, आणि अर्ध्यावर आलेली विद्या तशीच राहिली. औषध अर्धें पोटांत गेल्यावर वैद्यालाच हद्दपार केलें, तर गुण येवो न येवो, दोष एकट्या वैद्याचा कसा?

आणि उरलेली विद्या मुळींच आली नाहीं असेंहि नाहीं. १४ एप्रिल १७११ रोजीं बाप देवीच्या रोगानें वारला आणि बर्गंडीचा ड्यूक युवराज झाला. साँ-सीमाँ सांगतो कीं, तेव्हांपासून त्याचा संकोच गळून पडला. तो मोकळेपणें वावरूं लागला, राज्यकारभारांत लक्ष घालूं लागला, आणि पूर्वीं नाकें मुरडणारे दरबारी त्याच्याकडे ओढले जाऊं लागले. एरव्हीं ओस असलेल्या काँब्रेच्या वाटेवर मानकऱ्यांची वर्दळ सुरू झाली. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत शोलन येथें फेनेलाँ व त्याचा मित्र शेव्हरज यांनीं नव्या राज्याचा आराखडा टिपून काढला : युद्ध आटोपावें, दरबारचा खर्च छाटावा, प्रांतोप्रांतीं सभा असाव्या, व राष्ट्राची मोठी सभा दर तीन वर्षांनीं भरावी. ती सभा फ्रान्समध्यें १६१४ नंतर भरली नव्हती, आणि पुढें १७८९ पर्यंत भरली नाहीं. ती १७८९ मध्यें भरली तेव्हां काय झालें तें सर्वविश्रुत आहे.

या आराखड्याचें काय झालें असतें हा प्रश्न व्यर्थ आहे. १२ फेब्रुवारी १७१२ रोजीं युवराजाची पत्नी गोंवरानें वारली. १८ फेब्रुवारीस मार्ली येथें तोहि गेला, वय वर्षें एकोणतीस. ८ मार्चला त्याचा पांच वर्षांचा थोरला मुलगा गेला. दोन वर्षांचें धाकटें पोर एका दाईच्या शहाणपणानें वांचलें. तोच पुढें पंधरावा लुई. युवराजाच्या पेटींत सांपडलेले फेनेलाँचे कागद म्हाताऱ्या राजानें स्वतःच्या हातानें जाळले. ७ जानेवारी १७१५ रोजीं फेनेलाँ वारला, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत राजाहि.

दहा महिन्यांचा युवराज हा निकाल देण्यास पुरेसा पुरावा नव्हे, आणि १७०८ ची मोहीमहि नव्हे. परंतु एवढें म्हणतां येईल कीं, शिष्याला नमविण्यापेक्षां नमविलेल्या शिष्याला पुन्हां उभा करणें हें काम अधिक कठीण आहे, आणि फेनेलाँनें तेंहि, दूर काँब्रेंत बसून, राजरोषाची भीति पतकरून, पत्रांनीं केलें. आम्हां शिक्षकांपैकीं पुष्कळांचा पराक्रम पहिल्या कामापाशींच थांबतो. दांडगा मुलगा गप्प बसूं लागला कीं आपण त्याचें नांव सुधारलेल्यांच्या यादींत घालतों आणि दुसऱ्याकडे वळतों. त्याच्या गप्प बसण्यांत किती समज आहे आणि किती धास्ती, याची चौकशी सहसा होत नाहीं. फेनेलाँनें वीस वर्षांनंतरहि ती केली. आणि उत्तर मनासारखें आलें नाहीं तेव्हां शिष्याला दोष न देतां पुन्हां शिकवावयास बसला.